ताठरतेची अडचण आणि तिचे उपचार : कोणता, कोणासाठी, किती खर्चात?



येरवडा, ताडीवाला रोड, कासेवाडी, जनता वसाहत अशा पुण्याच्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्याचे काम करतो. विहारात शिबिर लावले की रक्तदाब आणि साखर तपासायला रांग लागते. रांग संपते, आम्ही टेबल आवरायला घेतो आणि तेव्हा एखादा भाऊ मागे रेंगाळत राहतो. "जरा बाजूला येता का, एक विचारायचं होतं," असे म्हणतो. पुढचे वाक्य यायला पाच मिनिटे लागतात.

असेच एक गृहस्थ आम्हाला भेटले. वय ४६, मार्केट यार्डात ओझी उचलण्याचे काम. वर्षभर लिंगाला नीट ताठरता येत नव्हती. भिंतीवरची जाहिरात वाचून ते एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडे गेले. आठ महिने पुड्या आणि तेल चालू होते. भिशीचे पैसे गेले, वर हातउसने झाले. घरात संशय आणि भांडणे सुरू झाली, पत्नी माहेरी निघून गेली. शिबिरात ते आले होते ते पायाची जखम भरत नाही म्हणून. साखर मोजली तर ३०० च्या वर. आठ महिन्यांत त्या 'तज्ज्ञा'ने एकदाही रक्त तपासले नव्हते.

हा लेख अशा सर्व भावांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. उपचार कोणकोणते आहेत, कोणाला कोणता लागू पडतो, धोका कशात आहे आणि पैसा कुठे वाया जातो, हे एका जागी मिळावे एवढाच हेतू. आम्ही डॉक्टर नाही. औषध डॉक्टरांनीच ठरवायचे. पण डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचे, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

हा विषय इथे कशाला?

काहींना वाटेल, समाजाच्या व्यासपीठावर हे कशाला? त्यांच्यासाठी एक आठवण. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. लोकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, लोकांच्या शंकांना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी न्यायालयात मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण त्या काळात एवढ्या अवघड विषयामागे बाबासाहेब उभे राहिले. नव्वद वर्षांनंतर आपण कुजबुजतच राहायचे का?

नेमकी अडचण कशाला म्हणायचे?

संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, आणि हे साधारण तीन महिने किंवा अधिक काळ वारंवार होणे, याला डॉक्टर 'इरेक्टाइल डिसफंक्शन' म्हणतात. थकवा, भांडण, जागरण, दारू यामुळे एखाद्या रात्री असे झाले तर तो आजार नव्हे.

तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ताठरतेची अडचण वेगळी, शीघ्रपतन वेगळे आणि मूल न होणे वेगळे. ताठरता उत्तम असूनही शुक्रजंतू कमी असू शकतात आणि उलटही होऊ शकते. 'नामर्द' हा शब्द या तिन्हींना एकाच पोत्यात कोंबतो. तो आपण वापरणे सोडलेले बरे.

ही अडचण दुर्मीळही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून थोड्या अधिक पुरुषांनी कमी-जास्त प्रमाणात ही अडचण असल्याचे सांगितले. पूर्ण ताठरता नसलेले दहापैकी सुमारे एक होते.

कारणे : आधी शरीराचा इशारा ऐका

ताठरता येते ती लिंगात रक्त भरल्यामुळे. त्यासाठी मेंदू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि हार्मोन या चौघांनी काम करावे लागते. यातले कोणतेही बिघडले तरी अडचण येते.

सर्वात मोठी शारीरिक कारणे म्हणजे मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेली चरबी, लठ्ठपणा आणि तंबाखू. विडी-सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात. रोजची दारू मज्जातंतू आणि हार्मोन दोन्ही बिघडवते. रक्तदाबाच्या काही आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होऊ शकते. तसे वाटले तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका.

लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे चरबी साचू लागली की त्रास आधी तिथे दिसतो आणि छातीत काही वर्षांनी दिसतो. म्हणून चाळिशीच्या आसपास ही अडचण सुरू झाली तर तिला हृदयाची आगाऊ सूचना समजावे. नुसती ताकदीची पुडी घेऊन ही सूचना दाबून टाकणे जिवावर बेतू शकते.

मनाची कारणेही तितकीच खरी आहेत. कर्ज, नोकरी जाण्याची भीती, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि एकांत नाही, नवराबायकोतला अबोला, नैराश्य. यात आणखी एक भीती मिसळते : एकदा जमले नाही की पुढच्या वेळी 'जमेल का?' हीच धास्ती डोक्यात बसते आणि त्या धास्तीनेच जमत नाही. 'हस्तमैथुनाने वीर्य संपते, ताकद जाते' ही समजूत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला वैद्यकीय आधार नाही.

एक साधी खूण लक्षात ठेवा. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल, पण संबंधाच्या वेळी येत नसेल, तर कारण बहुधा मनाचे असते. पहाटेचीही हळूहळू बंद झाली असेल तर शरीराचे कारण शोधावे लागते. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

उपचाराआधी काय तपासायचे?

उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि वजन-कंबर. संबंधाची इच्छाच कमी झाली असेल तर टेस्टोस्टेरॉनची तपासणी, तीही सकाळच्या वेळी. घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा. आयुर्वेदिक आणि 'पॉवर'च्या पुड्याही लपवू नका. बहुतेकांना याहून महागड्या तपासण्या सुरुवातीला लागत नाहीत. पहिल्याच भेटीत कोणी दहा हजारांचे 'पॅकेज' पुढे केले तर उठून यावे.

उपचारांची तुलना

१. सवयी बदलणे. तंबाखू आणि दारू बंद, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे, वजन कमी करणे, पुरेशी झोप, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे. हा उपदेश वाटतो, पण त्याला आधार आहे. इटलीतील लठ्ठ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामावर नीट लक्ष दिलेल्या गटातील सुमारे एकतृतीयांश पुरुषांची ताठरता दोन वर्षांत पूर्ववत झाली. खर्च जवळपास शून्य, धोका नाही. उणीव एकच : महिने लागतात. म्हणून बाकीचा कोणताही उपचार घेतला तरी हा सोबत हवाच. रात्रपाळी करणाऱ्या सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार भावांना झोपेचा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड, हे आम्ही जाणतो. तरी दिवसा अंधार करून सलग झोप मिळेल अशी घरात सोय करावी.

२. समुपदेशन. तरुणांत आणि पहाटेची ताठरता शाबूत असलेल्यांत हा पहिला उपाय. पती-पत्नी दोघांनी मिळून घेतला तर अधिक लागू पडतो. यात काही आठवडे प्रत्यक्ष संबंध टाळून फक्त स्पर्श आणि जवळीक यांचा सराव करायला सांगतात, म्हणजे 'जमलेच पाहिजे' हा ताण उतरतो. दुष्परिणाम नाहीत. अडचण ही की वेळ लागतो, आणि वस्तीत एकांत मिळणे हाच मोठा प्रश्न असतो. शारीरिक कारण असले तरी गोळ्यांसोबत समुपदेशनाचा फायदा होतो.

३. गोळ्या. सिल्डेनाफिल हे औषध मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासले जात होते. त्याचा हा वेगळाच उपयोग लक्षात आला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत ते 'व्हायग्रा' नावाने मंजूर झाले. आज भारतात अनेक कंपन्यांची जेनेरिक गोळी स्वस्तात मिळते. दुसरी गोळी टाडालाफिल.

सिल्डेनाफिल संबंधाच्या साधारण तासभर आधी घेतात. परिणाम चार-पाच तास राहतो. तळलेले, तुपकट जेवण झाल्यावर घेतली तर परिणाम उशिरा येतो. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो आणि जेवणाने फरक पडत नाही. तिची कमी ताकदीची रोजची गोळीही असते. प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास असणाऱ्यांना तिचा दुहेरी उपयोग होतो.

दहापैकी साधारण सहा-सात जणांना या गोळ्या लागू पडतात. जुना मधुमेह असेल तर हे प्रमाण कमी होते. गोळीने इच्छा निर्माण होत नाही. मन आणि स्पर्श यांची साथ लागतेच. एकदा घेऊन 'काही झाले नाही' म्हणून सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने, योग्य मात्रेत, सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्यावरच निष्कर्ष काढावा. डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, जळजळ हे नेहमीचे त्रास. टाडालाफिलने पाठ किंवा स्नायू दुखू शकतात.

आता सर्वात महत्त्वाचे. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कोणतेही नायट्रेट औषध घेणाऱ्यांनी या गोळ्या कधीही घेऊ नयेत. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू येऊ शकतो. ही गोळी घेतल्यावर छातीत दुखले तर घरातली सॉर्बिट्रेट घेऊ नका. तडक रुग्णालय गाठा आणि कोणती गोळी कधी घेतली ते तिथे स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवले तर डॉक्टर नकळत तेच औषध देतील. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा लकवा येऊन गेलेल्यांनी आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ताठरता चार तासांहून अधिक राहिली किंवा अचानक दिसेनासे झाले तर ताबडतोब रुग्णालयात जावे.

ही औषधे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. मित्राच्या खिशातली गोळी घेऊ नये.

४. टेस्टोस्टेरॉन. रक्तात हे हार्मोन खरोखर कमी असल्याचे दोन वेळच्या तपासणीत दिसले तरच उपयोग. ते पुरेसे असताना इंजेक्शने घेतल्याने ताकद वाढत नाही. उलट शुक्रजंतू कमी होतात. मूल हवे असणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावे. जिममध्ये 'ताकदीसाठी' दिली जाणारी इंजेक्शने या कारणाने घातक आहेत.

५. व्हॅक्यूम पंप. प्लॅस्टिकची नळी लिंगावर बसवून पंपाने हवा काढतात, त्यामुळे रक्त भरते. मग मुळाशी रबरी रिंग चढवतात. रिंग अर्ध्या तासाच्या आत काढायचीच. औषध पोटात जात नसल्याने गोळ्या चालत नसणाऱ्यांसाठी ही एक वाट आहे. खर्च एकदाच. लिंग थोडे गार पडणे, रिंगने दुखणे या तक्रारी असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारावे.

६. लिंगात घ्यायचे इंजेक्शन. बारीक सुईने औषध थेट लिंगात दिले की काही मिनिटांत ताठरता येते. गोळ्या लागू न पडलेल्या पुष्कळ मधुमेही रुग्णांनाही याने फरक पडतो. पहिली मात्रा डॉक्टरांसमोरच घ्यावी लागते, मग स्वतः टोचायला शिकवतात. सुईची भीती, दुखणे, जागा कडक होणे आणि ताठरता न उतरणे हे धोके. प्रत्येक वेळचा खर्च गोळीपेक्षा जास्त.

७. इम्प्लांट. बाकी सर्व उपाय थकल्यावरची शस्त्रक्रिया. लिंगात दोन दांड्या बसवतात. एका प्रकारात त्या हाताने वाकवता येतात. दुसऱ्या प्रकारात छोट्या पंपाने फुगवता येतात. फुगवण्याचा प्रकार बहुतेक परदेशी असल्याने खर्च काही लाखांत जातो. वाकवण्याचा प्रकार बराच स्वस्त. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी विकसित केलेले भारतीय इम्प्लांट याच प्रकारातले. निवड नीट झाली तर समाधान मानणाऱ्यांचे प्रमाण चांगले असते. पण ही एकतर्फी वाट आहे : दांड्या काढल्या तरी नैसर्गिक ताठरता परत येत नाही. साखर ताब्यात नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. कर्ज काढून ही शस्त्रक्रिया करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावेच.

८. शॉकवेव्ह, पीआरपी, स्टेम सेल. यांच्या जाहिराती आता मोबाइलवरही दिसतात. शॉकवेव्हबाबत काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे, पण तो कोणाला आणि किती काळ, हे अजून पक्के नाही. पीआरपी आणि स्टेम सेल तर प्रयोगाच्याच टप्प्यात आहेत. 'कायमचा इलाज' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

पुड्या, भस्मे आणि भिंतीवरचे 'तज्ज्ञ'

बसथांब्यांवर, सार्वजनिक शौचालयांत, उड्डाणपुलांच्या खांबांवर 'गुप्तरोग, एका कोर्समध्ये खात्रीशीर इलाज' अशी पत्रके आपण रोज पाहतो. 'औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४' नुसार लैंगिक दुर्बलता बरी करण्याची किंवा लैंगिक क्षमता वाढवण्याची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत, पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जो जाहिरात करतो, तो पहिल्या पावलालाच कायदा मोडतो. याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा पोलिसांकडे करता येते.

'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत छुपे सिल्डेनाफिल मिसळलेले आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. पुडीने 'लगेच फरक पडला' तर त्याचे कारण हेही असू शकते. आणि सॉर्बिट्रेट घेणाऱ्या माणसाला पुडीत काय आहे हे कळणारही नाही. भस्मांबाबतही सावध राहावे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे पाचांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचेच असतील तर नोंदणीकृत वैद्याकडून, बिल आणि नाव असलेल्या औषधानेच घ्यावेत. तुमच्या डॉक्टरांचे नाव नोंदणीत आहे का, हे ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाहता येते.

पुण्यात सुरुवात कुठे करावी?

सर्वात आधी जवळचा महापालिकेचा दवाखाना. तिशीनंतरच्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाब तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तिथे लाज वाटत असेल तर नुसते 'साखर आणि बीपी तपासायचे आहे' म्हणा. तेवढ्यानेही अर्धे काम होते. पुढे ससून सर्वोपचार रुग्णालयात केसपेपर काढून मेडिसिन विभागात दाखवावे. तिथून गरजेप्रमाणे मूत्ररोग किंवा मानसोपचार विभागात पाठवतात. मन फार खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीतून बोलता येते.

जेनेरिक औषधासाठी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

थोडक्यात

- वय कमी, पहाटेची ताठरता शाबूत : समुपदेशन आधी.
- चाळिशी-पन्नाशी, अडचण हळूहळू वाढलेली : साखर, रक्तदाब, हृदय तपासणी आधी; मग सवयी आणि गोळ्या.
- सॉर्बिट्रेट चालू : गोळ्या वर्ज्य, पंप किंवा अन्य उपायांसाठी डॉक्टरांशी बोला.
- गोळ्या नीट घेऊनही फरक नाही : इंजेक्शन किंवा पंप; शेवटी इम्प्लांट.
- इच्छाच नाही, फार थकवा : सकाळची हार्मोन तपासणी आणि नैराश्याची चौकशी.

घरच्यांसाठी दोन शब्द

या अडचणीचा राग बहुतेक वेळा बाईवर निघतो. 'तुझ्यात दोष आहे', 'तुझे बाहेर काही आहे' अशी बोलणी तिला खावी लागतात. मूल नसेल तर सगळ्या तपासण्या तिच्याच होतात आणि नवरा दवाखान्याच्या पायरीवर थांबतो. आमच्याकडे येणाऱ्या काही ताई सांगतात, "त्यांनी नुसतं सांगितलं असतं तरी पुरे होतं." भावांनो, पत्नीला सांगा. जमल्यास तिला डॉक्टरांकडे सोबत न्या.

सुरुवातीला सांगितलेले ते गृहस्थ आता साखरेच्या गोळ्या नियमित घेतात. तंबाखू सुटली आहे. ससूनला दाखवल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली गोळी त्यांना बऱ्यापैकी लागू पडली. पायाची जखम भरली. पत्नी परत आली आहे. पुड्यांमध्ये गेलेले पैसे मात्र ते अजून फेडत आहेत. पुढच्या शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी एक पडदा लावून वेगळी खुर्ची ठेवा, असे त्यांनीच आम्हाला सुचवले. आता ती खुर्ची प्रत्येक शिबिरात असते. तुमच्या विहारातही ठेवून पाहा.